शिंप्याच्या दारातला माड

मी माड बोलतोय. शिंप्याच्या दुकानाला लागून, समुद्राकडे किंचित झुकून उभा आहे ना, तोच. मला थोडा बाक आहे, पण तो मला शोभतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी निवड कानाने झाली. रोपवाल्या मावशींच्या अंगणात नारळांचा ढीग होता. त्या एकेक नारळ कानाशी धरून हलवायच्या. आतलं पाणी नीट वाजलं तर बियाण्याला, नाहीतर स्वयंपाकघरात. मी असा काही वाजलो की मावशी म्हणाल्या, "हा बोलका आहे गं बाई!" त्यांनी मला वाळूत आडवं निजवलं आणि काही महिन्यांनी माझा कोंब वर आला.

शिंप्याच्या बायकोने, म्हणजे सगळा रस्ता जिला काकी म्हणतो तिने, मला मांडीवर घेऊन घरी आणलं. मावशींनी तिला बजावलं होतं, "याला शेंडा एकच असतो, काकी. तो गेला की झाड गेलं. जपा." काकीने जपलं. भांडी विसळलेलं पाणी रोज माझ्या आळ्यात पडायचं. सहाव्या वर्षी मला पहिले नारळ लागले, तर काका येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ते असे दाखवत, जणू त्यांनीच शिवले होते.

काका माणूस चांगला, पण सुटलेला धागा दिसला की त्यांचा हात कात्रीकडे जातो. दुकानाला नवी पाटी लावली आणि माझ्या झावळ्या तिच्यावर लोंबू लागल्या. काकी बहिणीकडे गेली होती. काकांनी नारळ पाडणाऱ्याला बोलावलं आणि खाली उभं राहून हुकूम सोडायला सुरुवात केली.

"ही काढ. तीही काढ. आणि दांडे कशाला ठेवतोस? अगदी अंगालगत घे."

"काका, हिरव्या आहेत हो!"

"झाड माझं आहे ना?"

काकी परतली ती दारातच थबकली. "अहो, काय केलंत हे? पिसं उपटलेली कोंबडी दिसतेय!" खरं सांगतो, कोयत्यापेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं.

ताज्या जखमांचा वास सोंड्या भुंग्याला लांबून येतो. तो आला, जखमांत अंडी घातली आणि अळ्या मला आतून खाऊ लागल्या. खोडातून तपकिरी पाणी पाझरू लागलं. काकांना वाटलं डिंक आहे. ते रोज चिंधीने पुसून मला स्वच्छ ठेवायचे! मग मधल्या दोन झावळ्या पिवळ्या पडून वाकल्या.

समोरचा सायकलवाला म्हणाला, "शेंडा कोसळला तर तुमच्या पत्र्यावर, काका. आणि पत्र्याखाली शिलाईच्या बायका." काकांनी मंगळवारी लाकूडतोड्याला बोलावलं.

"मंगळवारच्या आधी मावशींना दाखवते," काकी म्हणाली. "मग करा काय करायचं ते."

मावशी सोमवारी आल्या. केस पार पिकले होते. "मशिनी बंद करा सगळ्या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या खोडाला कान लावला. ज्या कानाने मला निवडलं होतं तोच कान. मला धीर आला.

"खातायत. कुर्र कुर्र ऐकू येतंय. पण शेंडा हिरवा आहे अजून. हिरव्या झावळ्या कुणी तोडल्या?"

काकांनी गळ्यातली टेप चाचपली. "मीच," ते म्हणाले. सबब एकही सांगितली नाही.

मावशींनी भोकं साफ केली, खालची मातीने लिंपली आणि वरच्या भोकात नरसाळ्याने औषध ओतून तेही बंद केलं. "पंधरा दिवस रोज कान लावायचा. आवाज थांबला तर झाड तुमचं. वाढला तर कुऱ्हाड." लाकूडतोड्याला निरोप गेला, शिलाईच्या बायका मशिनींसकट मागच्या खोलीत गेल्या.

रोज सकाळी काका गळ्यात टेप घालून मला कान लावू लागले. मीही हट्टाला पेटलो होतो. बाराव्या दिवशी त्यांनी हाका मारल्या, "अगं, इकडे ये! मला काही ऐकू येत नाहीये. माझे कान गेलेत की अळ्या?"

काकीने कान लावला. बराच वेळ लावला. "अळ्या," ती म्हणाली. काका माझ्या खोडाला धरून तसेच उभे राहिले, आणि मला त्यांचा राग उरला नाही.

आता माझ्या कमरेवर मोठा वण आहे. डोक्यावर झावळ्यांचा भार आहे आणि पाटीवरची निम्मी अक्षरं त्यांच्यामागे दडली आहेत. काकांनी कानाला खडा लावलाय. "वाचायची असेल तर झावळी हाताने बाजूला करा," ते गिऱ्हाइकाला सांगतात. तुमच्याही दारात माझा कुणी भाऊबंद असेल, तर वाळलेली झावळी तेवढी काढा, हिरवीला हात लावू नका. आणि अधूनमधून कान लावत जा.

यंदा माझे चार नारळ काकीने मावशींकडे बियाण्याला नेले. मावशींनी पहिलाच कानाशी धरून हलवला आणि त्या हसल्या.

"बापावर गेलाय," म्हणाल्या.