तासभर गप्प बसायचं

“उपाशीच आहे गं मी,” म्हणत गुरुदत्तकाकांनी बोट पुढे केलं.

विनिताने रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. साखर दोनशे चौदा.

“काका, सकाळी काय खाल्लंत?”

“काही नाही. दोन सुकेळी, आपल्याच वाडीतल्या वाळवलेल्या केळ्यांची. चतुर्थीच्या उपासाला चालतात, मग इथे का नाही?”

“तीन खाल्ली,” लीलाकाकू म्हणाल्या. “वर गुळाचा चहा ढोसला.”

“तू गप गं.”

एव्हरशाईन वसाहतीतल्या या स्कॅन सेंटरात विनिता नऊ वर्षं टेक्निशियन होती. मुंबईहून गाडीने आलेलं औषध शिशाच्या डब्यात होतं. ते म्हणजे किरणोत्सर्गी साखर. कॅन्सरची गाठ ती अधाशासारखी ओढून घेते आणि पडद्यावर चमकते. पण पोटात आधीच गोड गेलं असलं, की औषध स्नायूंत मुरतं. गाठ फिकी पडते, कधी दिसतही नाही.

कागदावर आकडा विनिताच लिहायची. एकशे दहा लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. गाठ नाही म्हणून काकांनी कळंब गावभर पेढे वाटले असते आणि गाठ आतल्या आत निवांत वाढली असती. बाबांची वाढली तशी. “जयवंता, सुई लागली की रोग पसरतो. तुला काही झालेलं नाही,” असं सांगून याच मोठ्या भावाने त्यांना आठ महिने काढ्यावर ठेवलं होतं. विनिता भांडली तेव्हा म्हणाले होते, “चार बुकं शिकलीस म्हणून मोठ्यांना शिकवू नकोस.” बाबांनी दादाचा शब्द मोडला नाही. श्रावणात गेले.

पेन कागदावर टेकलं होतं.

“टोच ना पोरी. तू आहेस म्हणून मला भीती नाही.”

तिने लिहिलं, २१४.

“आज होणार नाही. उद्या या.”

“अगं, तीन केळ्यांपायी अजून एक दिवस जीव टांगणीला?”

“बाबांना आठ महिने थांबवलंत. तुम्ही एक दिवस थांबा.”

काकू चपापल्या. काका मान खाली घालून बाही उतरवू लागले.

दुसऱ्या दिवशी आकडा अठ्ठ्याण्णव आला. विनिताने शीर नीट शोधली, औषधाचा थेंबही बाहेर जाऊ दिला नाही. ही दया नव्हती. एकही ठिपका लपता कामा नये. डॉक्टरांनी एकेका जागेवर बोट ठेवावं, काकांनी ते बघावं, आणि ‘काही झालेलं नाही’ म्हणायला त्यांच्याजवळ कुणी नसावं.

“आता तासभर गप्प बसायचं. बोललात तर औषध घशाच्या स्नायूंत जातं. एक शब्दही नाही.”

काकांनी बोलायला तोंड उघडलं. तिने दार लावून घेतलं.

तासाभराने दोन्ही हात डोक्यावर घेऊन ते यंत्रात गेले. काचेअलीकडच्या पडद्यावर शरीर उमटत गेलं. फुप्फुसात एक ठिपका. मग यकृतात. मग कण्यात.

“विनी,” स्पीकरमधून आवाज आला, “दिसतंय का गं काही?”

“हलू नका, काका.”

तिने खुर्ची पुढे ओढली. बाबांच्या अंगात हे कुठे कुठे पेटलं होतं, ते कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांचं असं एकही चित्र नव्हतं. शेवटचा ठिपका उमटेपर्यंत ती बघत राहिली.