देवणी जोडी आणि वीरप्पाचा ट्रॅक्टर

"एरंडेलाचा डबा पुन्हा कोरडा! दिव्याला थेंब न्हाय, अन् लोखंडाला मालिश चाललीया," गव्हाणीत कडबा टाकता टाकता महादेवी बैलाच्या कानाशी पुटपुटली. बैलानं नुसता कान हलवला, पण पलीकडं सासरे गुंडाप्पा खाकरले, तशी ती गप झाली.

जर्मनची लढाई संपली त्या साली तिच्या नवऱ्यानं, वीरप्पानं, गुलबर्ग्याकडच्या एका नवाबाच्या मळ्यातला मोडका ट्रॅक्टर लिलावात घेतला. आपल्या मुरुम गावापर्यंत तो ओढून आणला ह्याच देवणी बैलांच्या जोडीनं. दारात पोचताच वीरप्पा चारचौघांत बोलून बसला, "ज्या दिशी हे चालंल, त्या दिशी बैल इकून टाकीन!"

तेव्हापासून महादेवी रोज लिंगपूजेला बसली की मागायची, 'ह्यांना यश दे देवा, पण जरा दमानं दे.'

वीरप्पाला यंत्राची माहिती बैलगाडीएवढीच. ट्रॅक्टरच्या पोटातलं सगळं उपसून त्यानं गोणपाटावर मांडलं. मागच्या आसाचं मोठं दातेरी चाक परत बसवताना शेजारच्या शिवप्पानं विचारलं, "दादा, हे ह्या अंगाला होतं का त्या अंगाला?"

"आरं, गाडीचं चाक कुनीकडूनबी घाल, गाडी पुढंच जाती!"

शेवटी मुहूर्त ठरला. बैल न्यायला उमरग्याचा लिंबाजी व्यापारी आला. गाव जमलं. वीरप्पानं हँडल मारलं, हँडलनं वीरप्पाला मारलं, आणि काळा धूर सोडत इंजन धडधडलं. तो रुबाबात वर बसला, नजर समोर, मिशीला पीळ. गिअरचा दांडा टाकताच ट्रॅक्टर हिसका देऊन निघाला तो सरळ मागं. आधी उकिरड्यात, मग महादेवीच्या वाळत घातलेल्या लुगड्यावरून.

"चाललं! चाललं!" गाव ओरडलं. कुठं चाललं, हे कुणीच बोलंना. मिशीवरून एक शब्द काढला म्हणून वीरप्पानं सख्ख्या भावाशी दोन वर्षं अबोला धरला होता. शिवप्पा आभाळात घारी बघू लागला. गुंडाप्पा म्हणाले, "आवाज मातुर झकास हाय."

लिंबाजीनं जोडीचं दावं सोडलं. "चालला की वो ट्रॅक्टर. शब्द म्हंजे शब्द."

महादेवीनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं हळूच एकदा मागं वळून पाहिलं, आणि मान पुन्हा ताठ समोर केली. त्याला कळलं होतं. आता तिनं अख्ख्या गावात त्याची मिशी खाली उतरवायची, का बैल जाऊ द्यायचे? लग्न झाल्यापासून चारचौघांत तिनं त्याचा शब्द कधी खोडला नव्हता.

बैल गोठ्याच्या उंबऱ्याशी अडून उभे राहिले. लिंबाजीनं दावं ओढलं. तिकडं ट्रॅक्टर पाठीनं लिंबाच्या झाडाला धडकला आणि बंद पडला.

महादेवीनं लिंबाजीच्या हातातलं दावं घेतलं.

"अवो," ती म्हणाली, "हे मागं चाललंय."