रिपोर्ट चांगला यावा म्हणून

आईच्या छातीवरच्या त्या पट्टीची मला शिसारी यायची. कडेला घाम आणि पीठ साचून काळी रेघ झालेली, जवळ गेलं की आंबलेल्या फडक्याचा वास. पण आमच्या घरातल्या माणसांची त्याहून जास्त शिसारी आली!

आईची छाती मध्येच फडफडायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा चपात्या लाटता लाटता ती खालीच बसली. पप्पांची थोरली बहीण, त्रिशलाआत्या, आमच्याकडंच असते. ती म्हणाली, "कामाचा कंटाळा आला की वैनीचं फडफडतंय."

निपाणीच्या डॉक्टरांनी आईच्या अंगाला वायरी चिकटवल्या, कमरेला डबी बांधली. एक दिवस, एक रात्र ठोक्यांची नोंद होणार. आणि घरात काय झालं? पाहुणे येणार म्हणून घर आवरतात ना, तसं आईला आवरलं! उपासाचा दिवस मुद्दाम टाळलेला. तिला कॉटवर झोपवलं, हातात मोसंबीचा रस.

"हालू नको गं, मशीन लागलंय. रिपोर्ट चांगला आला पायजे," पप्पा म्हणाले.

आला की! एकदम नॉर्मल. पप्पांनी पेढे आणले. आत्या पेढा चघळत म्हणाली, "म्हटलं न्हवतं? नाटकं." तिच्या ओठाला खवा चिकटलेला. आई कणीक मळायला लागली.

मग मी शाळेच्या गणवेशातच डॉक्टरांकडं गेले. "सर, त्या दिवशी आई नुसती झोपून होती. ती रोज अशी झोपत नाही."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बेळगावहून ती छातीवर चिकटवायची, ठोके नोंदवणारी पट्टी मागवली. वायर नाही, डबी नाही, दोन आठवडे अंगावर, आंघोळीलाही चालते. म्हणाले, "रोजचं सगळं करू दे त्यांना."

आईनं सगळं केलं. धुणी, उपास, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अभिषेकाला उभं राहणं. आत्यानं नाक दाबलं, "शी! वैनी, ती घाण घेऊन देवापुढं येतीस?"

"आत्या, तुझ्या मिश्रीचा वास चालतोय व्हय देवाला?" बोलले मी! पप्पांनी डोळे वटारले. मीपण वटारले.

पट्टी काढल्यावर रिपोर्ट आला. ठोके कितीदा तरी उधळले होते, वेडेवाकडे, कसलाच ताल नाही. सगळ्यात जास्त वेळ उपासाच्या दिवशी, धुणं पिळताना. डॉक्टर म्हणाले, अशानं रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, गोळ्या आजपासूनच सुरू करा.

पप्पांचं तोंड उतरलं. आत्या पुटपुटली, "त्या चिकटपट्टीनंच बिघडवलं."

आई मात्र हसत होती. पदराआड, पण हसत होती.

"म्हंजे मी नाटक करत न्हवते," ती म्हणाली. "व्हय न्हवं, डॉक्टर?"

आजार सापडला म्हणून माझी आई खूश झाली होती. इतकं खाली आणून ठेवलं होतं आम्ही तिला! मला पप्पांकडं बघवेना, आत्याकडं तर नाहीच. डॉक्टरांच्या हातातली चिठ्ठी मीच घेतली, आईचा हात धरला आणि तिला घेऊन औषधाच्या दुकानाकडं निघाले.