आधी नाणं, मग गादी

दादा गेल्यापासून धाकट्याला काही वाटेनासंच झालं होतं. पुढ्यात ताट आलं की तो जेवत होता, कुणी हाक मारली की ओ देत होता आणि वर्कशॉपचं शटर रोज वेळेवर वर करत होता. लोक म्हणत, मोठा धीराचा आहे हो. धीर कसला! दात काढण्याआधी सुई टोचली की गाल जसा आपला असून आपला राहत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं.

त्यांचा धंदा गाड्यांना छत बसवायचा. शौकीन माणसं गाडीचं पत्र्याचं छत कापून काढतात आणि त्या जागी कार्बनचं बसवून घेतात. काळंभोर, विणलेल्या कापडासारखं दिसणारं आणि उचललं तर सुपासारखं हलकं. दादा साच्यात कार्बनचं कापड थरावर थर अंथरून, त्याला रेझीन, म्हणजे वाळून कडक होणारी राळ, पाजून छत घडवायचा. धाकटा ते गाडीला चिकटवायचा. आणि वहिनी आतल्या बाजूने कापड चढवायच्या.

आता, महाग वस्तू ती मुकी असणार असं गिऱ्हाइकाला वाटतं. पण हलकं छत म्हणजे ढोल. पत्रा आपल्या वजनानेच थोडाफार आवाज दाबतो. कार्बन वाऱ्यालाही बोलू देतो आणि रस्त्यालाही. म्हणून आतून काळी, जड, चिकट पट्टी लावायची. वर्कशॉपात तिला गादी म्हणत. पण गादी लावण्याआधी दादा एक जुनं नाणं घेऊन छतभर टकटक करत फिरायचा. थर एकजीव झाले असतील तर नाणं टणटण बोलतं. मध्ये कुठे हवा अडकली असेल तर तिथे नुसतं थप्प. थप्प आलं की दादा ते छत करवतीखाली घालायचा, मग किती का दिवसांची मेहनत असेना. पोकळी उन्हाने फुगते, हळूहळू पसरते आणि एखाद्या दिवशी भर वेगात वरचा थर सोलून निघतो.

"आधी नाणं, मग गादी," दादा म्हणायचा. "उलटं करणारा कारागीर नव्हे. तो झाकणारा."

दादाचं शेवटचं छत कोपऱ्यात लाकडी घोडीवर पडून होतं. आजारपणात, हात कापत असताना केलेलं. वहिनी रोज सकाळी येऊन ते मऊ फडक्याने पुसायच्या. धूळ असो नसो.

ज्यांच्यासाठी ते केलं होतं ते दातांचे डॉक्टर एकदा डोकावून गेले.

"घाई नाही हे सांगायला आलो," ते म्हणाले, "पण घाई आहे. दिवसभर कानाशी ड्रिल, घरी गेलो की सासूबाई. निदान गाडीत तरी मला शांत बसू द्या."

"होईल," धाकटा म्हणाला.

"दादांच्याच हातचं ना? मग बघायला नको."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने छत घोडीवरून उतरवून उलटं केलं, आणि थांबला. ड्रायव्हरच्या डोक्यावर येईल त्या जागी पंजाएवढी गादी आधीच चिकटवलेली होती. बाकी सगळं छत कोरं. त्याने छत पुन्हा सुलटं केलं, खिळ्याला अडकवलेल्या डबीतून नाणं काढलं आणि कडेपासून वाजवत आत आला. टण. टण. टण. थप्प.

गादीच्या कडेबाहेर, जिथे खाली काहीच नव्हतं, तिथे पुन्हा वाजवलं. थप्प.

म्हणजे दादाला ठाऊक होतं. धाकट्याने आपल्याला राग येतो का, रडू येतं का, याची वाट पाहिली. काहीच आलं नाही. बस चुकल्यावर म्हणावं तसं तो "असं होय" म्हणाला आणि नाणं डबीत टाकलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. फडकं खांद्यावर होतंच.

"बसतंय ना नीट, भाऊजी?"

"न बसायला काय झालं?"

"नाही, त्यांचं शेवटचं म्हणून विचारलं."

त्याने फडक्याकडे पाहिलं. हे छत करवतीखाली घालायचं तर आधी या बाईला सांगायला हवं, आणि ते त्याच्या जिवावर आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्याने मनाशी म्हटलं. डॉक्टरांच्या डोक्याचा विचार आला, तोही त्याने कानाआड केला. सगळ्या छताला गादी लावली, त्या जागी दुहेरी लावली आणि छत गाडीला चिकटवून टाकलं.

गोंद वाळल्यावर वहिनी कापड चढवायला बसल्या. त्या जागेवर त्यांचा तळवा थबकला.

"इथे दुहेरी का?"

"आवाज येऊ नये म्हणून."

"एरवी नसते."

"या वेळी आहे."

त्यांनी कापड ताणून, सुरकुती न ठेवता बसवलं.

गाडी देण्याआधी तिला मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणायची रीत होती. धाकटा चालवायचा, दादा मागे डोळे मिटून बसायचा. बोलायचं नाही. मागच्याला कुठे खुट्ट ऐकू आलं तर त्याने फक्त बोट वर करायचं.

"मागे मी बसते," वहिनी म्हणाल्या.

गाडी गावाबाहेर पडली. आत खरंच शांत होतं. डॉक्टर खूश होतील, धाकट्याला वाटलं. त्याने वेग वाढवला. मग डोक्यावर, अगदी बारीक, कागदावर माशी फडफडावी तसं काहीतरी सुरू झालं. आरशात वहिनींचे डोळे मिटलेले होते आणि बोट वर होतं.

"काचेचं रबर असेल," तो म्हणाला.

बोट खाली आलं नाही.

"नाणं लावलं होतं का, भाऊजी?"

"लावलं होतं."

"काय म्हणालं?"

धाकट्याने वेग कमी केला. "थप्प. पण गादी मी नाही लावली, वहिनी. पहिली दादानेच लावलेली."

"वाटलंच मला." त्यांचा आवाज भाजी निवडताना असावा तसा होता. "फार दुखायला लागलं की डोक्यावरून पांघरूण घ्यायचे. मला वाटायचं, झोप लागली." त्यांनी डोळे उघडले. "डॉक्टरांचं डोकं बरोबर तिथेच येतं ना?"

"हो."

"मग वळवा गाडी."

आधी वहिनींनी आपलं कापड उसवून काढलं. मग धाकट्याने गोंद कापायला बारीक तार ओवली. ते काम एकट्याचं नव्हे. एक आत, एक बाहेर. दादाच्या जागी वहिनी आत बसल्या. "ओढा," तो म्हणायचा. "सोडा," त्या म्हणायच्या. चारही कडा फिरून झाल्या तेव्हा छत अलगद सुटलं.

"एखादा तुकडा ठेवू का तुम्हाला?" त्याने करवत हातात घेत विचारलं.

"थप्पचा कशाला?" वहिनी म्हणाल्या. "फडकं राहू दे."

डॉक्टरांना त्याने फोन केला. अजून वेळ लागेल, म्हणाला.

"का, आवाज येतो का?"

"येत होता."

तो हात धुवायला गेला. तार बोटात रुतली होती, आणि पाणी लागल्यावर झोंबलं. त्याने बोट तसंच पाण्याखाली धरून ठेवलं. मग हात पुसून साच्यापाशी गेला. कार्बनचं कापड त्याने जन्मात कधी अंथरलं नव्हतं. वहिनींनी दुसरं टोक धरलं.