दुपारचा पहारा

आमच्या गावचा सप्ताह गोदाकाठी, मंडपात बसतो. आठवडाभर नुसती धामधूम: पहाटे काकडा, संध्याकाळी कीर्तन, मग आमटी-भाकरीची पंगत, एक दिवस पुणतांब्यापर्यंत दिंडी. या सगळ्यात वीणा मात्र खाली ठेवायची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पाया पडायचं, मगच पहिला मोकळा. दुपारी वीणा घेऊन उभं राहायचा पहारा माझ्या वडिलांचा, अजिनाथांचा असायचा.

गेल्या पावसाळ्यात धरणातून नदीला पाणी सोडलं, वडील शेताला पाणी उपसायची मोटार काढायला उतरले आणि काठावर नुसत्या चपला राहिल्या. देह सापडला नाही, म्हणून माझी आई, लंकाबाई, कुंकू पुसायला तयार नाही. दर्भाचा पुतळा करून विधी उरकू, मग माझ्याकडे नगरला चल, असं मी वर्षभर तिच्या मागे लागलेय. तिचं एकच: ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? माझं डोकंच फिरतं. या सप्ताहाला मी आले ती तिला घेऊनच जायचं ठरवून.

वडिलांचा पहारा यंदा श्रीमंतकाकांकडे, माझ्या चुलत्यांकडे आला. पहिल्याच दिवशी त्यांना उशीर झाला. येऊन बघतात तर आधीच्या पहाऱ्याचे छगनतात्या घरी जेवायला गेलेले आणि वीणा खांबाला टेकवलेली. मंडपात चिटपाखरू नाही. गावभर बोभाटा झाला. तात्यांना मोतीबिंदू, समोरचं माणूस धड दिसत नाही. पण त्यांना ते मान्यच नव्हतं.

"म्या कशापायी खाली ठिवीन? अजिनाथच्या गळ्यात घातली. पाया पडला माझ्या. हात लई गार हुते."

लोक हसले. मी तात्यांवर भयंकर चिडले, कारण आई हसली नव्हती. त्या दिवसापासून ती दोन भाकरी जास्त थापायला लागली.

म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. काकांना मुद्दाम उशिरा यायला सांगितलं आणि भर दुपारी मंडपाच्या कोपऱ्यात जाऊन बसले. टाळकरी जेवायला गेले होते. तात्यांनी वीणा गळ्यातून काढली आणि समोर कुणी नसताना पुढे धरली. आता पडणार म्हणून मी उठले, तेवढ्यात त्यांनी हात सोडले.

वीणा पडली नाही. तात्या वाकले, पाया पडले आणि काठी टेकत निघून गेले. वीणा तिथेच राहिली, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, आणि तिची तार वाजत होती. खाली सतरंजीवर पाणी पसरत होतं. अभंग उचलण्याआधी वडील खाकरायचे, तसं कुणीतरी खाकरलं. मी पळत सुटले.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण घरी पोचताच सगळं बाहेर पडलं. वाटलं, तिला आनंद होईल. तिचा चेहरा मात्र उतरला. तिने एवढंच विचारलं, अंगावरून पाणी गळत होतं का? मी हो म्हटलं.

"मंग त्यांचा पहारा घ्यायला कुनी आलंच न्हाई," ती म्हणाली. "तुझा काका खांबाची उचलतो, त्यांच्या हातची घेत न्हाई. म्हनून उभं हायेत."

दुसऱ्या दिवशी आई न्हाऊन, नवं लुगडं नेसून मंडपात गेली. आपल्या मंडपात बाईने वीणा घेतलेली नाही, असं काका सांगत राहिले. तिने ऐकलंच नाही. तात्यांनी हात सोडल्यावर ती पुढे झाली, मान वाकवली.

"द्या हिकडं. आता माझा पहारा. तुमी जा."

वीणा तिच्या गळ्यात आली. ती खाली वाकून मला न दिसणाऱ्या पायांना शिवली, कपाळ टेकवून बराच वेळ तशीच राहिली. मग उभी राहून आपल्या बसक्या आवाजात अभंग म्हणायला लागली. तासन्‌तास म्हणत होती. मी कान टवकारून बसले होते, पण खाकरणं पुन्हा ऐकू आलं नाही.

पहारा संपल्यावर वीणा काकांच्या गळ्यात घालून ती बाहेर आली. कपाळ पुसलेलं होतं. मला म्हणाली, गुरुजींना निरोप दे, पुतळ्याचं उरकून घेऊ, मग येते तुझ्याबरोबर नगरला.

वर्षभर मला हेच हवं होतं. आणि मी तिचा पदर घट्ट धरून लहान पोरीसारखी रडत म्हणाले, "आई, अजून थोडे दिवस वाट बघू ना."