नोएमीच्या बाजूची उशी

वालक्लेर गाव म्हणजे पठारावर विखुरलेल्या चार वाड्या, एक ओढा, चेस्टनटचं रान आणि माणसांपेक्षा जास्त गाई. फेब्रुवारीत ओदील शासांग घरोघरी फिरून शिरगणती करत होती, ती एकोणऐंशीवर अडली. ऐंशीच्या खाली गेलो तर शेजारच्या ब्रेझाकमध्ये विलीन व्हायचं, असं दोन्ही पंचायतींनी मागच्या वर्षीच ठरवून ठेवलं होतं. म्हणजे गावाचं नाव जाणार, वर ब्रेझाकवाल्यांचा तोरा जन्मभर सोसायचा.

उरलं होतं एकच घर, आन्सेल्म बुर्देलचं. हद्दीचा दगड त्याच्या मधल्या भिंतीतच चिणलेला. स्वयंपाकघर ब्रेझाकचं, निजायची खोली वालक्लेरची. माणूस ज्या बाजूला झोपतो त्या गावात मोजायचा, हा दोन्ही गावांचा जुना रिवाज. आणि चार वर्षांपूर्वी बायको नोएमी गेल्यापासून म्हातारा चुलीपाशीच खाट टाकून झोपायचा.

"लिही की आत झोपतो म्हणून, कोण बघायला येतंय?" सरपंच म्हणाले होते. ओदीलनं त्यांना चांगलंच झापलं होतं.

"आधी सूप घे," ओदील स्वयंपाकघरात येऊन बसताच आन्सेल्म म्हणाला. "किती भरले?"

"एकोणऐंशी."

"आणि मी ब्रेझाकचा! त्या फुशारक्यांचा!" तो खो खो हसला.

"बुर्देलबाबा, मी गळ घालायला नाही आले. झोपता तिथलेच लिहीन."

"नोएमी गेली तेव्हाचा बर्फ आठवतो?"

"न आठवायला काय झालं!"

"तीन किलोमीटर रस्ता फावड्यांनी मोकळा केलात तुम्ही सगळ्यांनी, तिला दफनभूमीपर्यंत नेता यावं म्हणून. तुझ्या हातांना फोड आले होते, पोरी. मी मात्र कुणाच्या दारी साधे आभार मानायला गेलो नाही. तोंडातून शब्दच फुटेना."

तो उठला. चार वर्षं बंद असलेलं दार त्यानं खांद्यानं ढकलून उघडलं.

"त्या कपाटातून चादर काढ. हं, धर ते टोक."

"पण खरंच झोपाल ना इथे?"

"उद्या सकाळी ये तपासायला, मोठी साहेबीण आहेस ना!"

सकाळी ओदील आली. त्या मोठ्या पलंगाची खिडकीकडची बाजू विस्कटलेली होती. भिंतीकडच्या बाजूला एक सुरकुती नव्हती, तिथली उशीसुद्धा तशीच फुगलेली होती.

"तिची जागा सोडून झोपलो," आन्सेल्म ओशाळून म्हणाला. "सवय."

"झोप लागली?"

"चार वर्षांत पहिल्यांदा, अगदी उजाडेपर्यंत." त्याचे डोळे भरून आले. "तुमचे उपकार फेडायला म्हणून आत गेलो, आणि आणखी एक डोक्यावर घेऊन बाहेर आलो बघ."

ओदीलनं पलंगाच्या कडेला बसून कागद मांडीवर घेतला आणि त्याचं नाव वालक्लेरमध्ये लिहिलं.