सगळ्यात हलकं

रविवारी एकटीनं डोंगरात चालायचं, एवढंच माझं स्वतःचं म्हणून उरलं आहे. माझ्या नवऱ्याला, यशोधनला, तेही खुपतं. मागच्या महिन्यात वाटेवर मोकाट कुत्र्यांनी मला घेरलं आणि मी मूर्खासारखं ते घरी सांगितलं. त्याला आयतं कोलीत मिळालं.

"रिव्हॉल्व्हर घे, नाहीतर जाणं कॅन्सल. आणि तुला हँडल नाही झालं, तरी कॅन्सल."

मी हो म्हटलं. शब्द देऊन बसले.

कॅरी या आमच्या अमेरिकन गावाबाहेरच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर एक मुलगी होती. दंडभर टॅटू, शर्टावर नीना असं नाव, इंग्रजी पक्कं इथलं. यशोधननं मला तोंडच उघडू दिलं नाही. सगळ्यात हलकं रिव्हॉल्व्हर आणि सगळ्यात जोरदार गोळ्या, असं त्यानं फर्मान सोडलं. नीना काहीतरी सुचवायला गेली, तर तिलाही तोडलं.

मी कानांवर आवाज अडवणारे ते जाड इअरमफ चढवून बघत होते, तेवढ्यात त्याच्या भावाचा, अरुणचा फोन आला. यशोधन तिथेच, नीनाच्या समोर बोलत उभा राहिला. मला ऐकू काहीच येत नव्हतं. तो हसत होता, तेवढं दिसलं.

मग दुकानामागच्या नेमबाजीच्या खोलीत नीनानं मला उभं राहायला शिकवलं आणि मी चाप ओढला. मनगटापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणीच आलं. गोळी समोर टांगलेल्या नेमाच्या कागदाच्या आसपासही गेली नाही. दुसरी झाडायला हात उचलेना. मी इअरमफ काढले.

"बघ, मी म्हणत नव्हतो? हे तुझं काम नाही. चल घरी," यशोधन म्हणाला. त्या आवाजातल्या मायेची मला जास्त चीड आली. पण शब्द दिला होता. मी निघायला वळले.

नीनानं रिव्हॉल्व्हर रिकामं करून खाली ठेवलं आणि एकेक शब्द शोधत, चक्क मराठीत म्हणाली, "मावशी, काका फोनवर म्हणाले, मुद्दाम हलकं देतोय. हलकं असलं की झटका मोठा. एक गोळी मारली की हात धरून बसेल, मग तिचं जंगल बंद."

या देशात आपण सगळेच हे करतो. मराठीत बोललं की दार लावून बोलल्यासारखं वाटतं.

यशोधनचा चेहरा उतरला. "तू माझं पर्सनल बोलणं ऐकलंस?"

"ऐकलं नाही, काका. ऐकू आलं."

"अगं, तुझ्या सेफ्टीसाठीच केलं यार," तो माझ्याकडे वळला.

"ती कुत्री परवडली," मी म्हटलं. "भुंकत तरी आली."

दुखऱ्या हातानंच मी दुसरं मागितलं. नीनानं पोलादी, चांगलं जड दिलं, गोळ्याही सौम्य दिल्या. हात हलला, पण माझ्या ताब्यात राहिला. कागदाला भोकं पडली. बाहेर येऊन मी तेच घेतलं.

पैसे दिल्यावर नीनानं रिव्हॉल्व्हर ठेवायची छोटी लोखंडी पेटी काढली आणि तिचं कुलूप माझ्यापुढे धरलं.

"नंबर तुम्ही सेट करा, मावशी. घरात आणखी कुणाला सांगणार?"

यशोधन शेजारीच उभा होता. प्रश्न मराठीत होता, त्यालाही कळला.

"कुणालाच नाही," मी म्हटलं, आणि त्याच्याकडे पाठ करून आकडे फिरवले.